सात आसनी गाडीत दोघांचा मुक्काम : पुणे, नाणेघाट, पाचनई, भंडारदरा (कामाच्या नोंदी)

१ नोव्हेंबर : गाडीत काय हवं, काय नको

धाकटा भाऊ डिसेंबरात कॅनडाहून येतोय आणि सह्याद्रीत गाडीतच मुक्काम करत फिरायचं ठरलंय. गाडी घरचीच आहे. १.५ लिटर पेट्रोल, सात आसनी, ताकद पुढच्या चाकांना, मागच्या दोन्ही रांगा दुमडणाऱ्या. भावाने पाठवलेल्या यादीत सिंक, पाण्याची टाकी, फ्रिज, गॅसची शेगडी आणि छोटा संडास आहे. "ताई, इकडच्या सगळ्या व्हॅनमध्ये एवढं असतंच," असं त्याचं म्हणणं. तिकडे ते लागतं, कारण दिवसभर गाडी चालवूनही वस्ती लागत नाही. नाणेघाट, पाचनई, साम्रद या बाजूला मात्र डोंगर कितीही आडवाटेचा असला तरी पायथ्याला गाव असतं. तिथे पाणी मिळतं, कुणाच्या तरी घरी भाकरी मिळते, अंगणात गाडी लावता येते. म्हणून यादी कापली. गाडीने फक्त झोप, हवा आणि उजेड द्यायचा, बाकीचं गावात. पुढचे सगळे निर्णय यावरूनच घेतले आहेत.

दुसरी मर्यादा कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलंय. आसनसंख्या प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. म्हणजे सीट काढून टाकायच्या नाहीत, पत्र्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. जे काही बसवू ते हाताने उचलून अर्ध्या तासात बाहेर काढता आलं पाहिजे. विम्याचा दावा करायची वेळ आली तर हे कामी येतं.

नोंदणीकृत कॅराव्हॅन भाड्यानेही मिळतात आणि राज्याने २०२१ मध्ये त्यासाठी पर्यटन धोरणही आणलंय. महामार्गावरच्या प्रवासाला ती उत्तम. पण भंडारदऱ्याच्या जलाशयामागच्या एकेरी रस्त्यांवर समोरून एसटी आली तर एवढी मोठी गाडी मागे घेणं फार अवघड जातं. म्हणून घरचीच गाडी.

३ नोव्हेंबर : मापं

दुमडलेल्या दोन रांगा एका पातळीत येतात असं माहितीपत्रकात दिसतं, पण प्रत्यक्षात येत नाहीत. लाकडी पट्टी आडवी ठेवून मोजलं तर मधे उंचवटा आणि पुढच्या बाजूला उतार होता. शिवाय पुढच्या सीटमागे पाय ठेवायच्या जागेचा खड्डा राहतो. सहा फुटांची झोपायची लांबी तो खड्डा भरल्याशिवाय मिळत नाही.

खड्डा एका मोठ्या खोक्याने भरावा असं आधी वाटतं, पण त्यात अडचण आहे. गाडी चालवताना पुढची सीट मागे हवी असते आणि झोपताना पुढे. म्हणून खोका फक्त एक फूट रुंद ठेवायचा आणि त्याचं झाकण दोन फुटांचं, मधोमध बिजागरी लावलेलं. दिवसा झाकण दुमडलेलं असतं. रात्री सीट पुढे सरकवून ते उघडायचं आणि मोकळ्या टोकाखाली दोन लाकडी पाय द्यायचे. पाय झाकणाला कायमचे जोडू नका, गाडीच्या धक्क्यांनी बिजागऱ्या ढिल्या होतात. खोबणीत बसणारे सुटे पाय टिकतात.

डोकं मागच्या दाराकडे, पाय पुढे. झाकणावर पायांचं हलकं वजन येतं आणि डोक्याशी जागा रुंद मिळते.

८ नोव्हेंबर : प्लाय

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिमीचा पाण्याला टिकणारा प्लाय घेतला, आठ बाय चारचा एक ताव. तुकडे तिथेच कापून मिळतात. झोपायच्या जागेसाठी १,१४३ बाय ६१० मिमीचे तीन फळे लागतात, म्हणजे पावणेचार फूट रुंद आणि दोन-दोन फूट लांब, एकूण लांबी सहा फूट. कापणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगा. प्रत्येक कापात करवत तीनेक मिमी खाते, त्यामुळे शेवटची पट्टी कमी भरते. आधी फळे कापून घ्या, उरलेल्यातून पाय आणि पट्ट्या काढा. खोक्यासाठी ९ मिमीचा अर्धा ताव वेगळा लागला.

सुताराचा आग्रह १८ मिमीचा होता. घरातल्या पलंगासाठी तो बरोबर आहे, इथे नाही. आठ बाय चारचा १२ मिमीचा ताव एकवीस-बावीस किलोचा, तर १८ मिमीचा बत्तीसच्या आसपास. १२ मिमीला खालून दोन आडव्या पट्ट्या दिल्या की तो लवत नाही. पट्ट्यांची उंची वेगवेगळी ठेवून सीटचा उतारही तिथेच भरून काढला. पट्ट्यांच्या खाली जुन्या सतरंजीचे तुकडे चिकटवले. नाहीतर सीटचं कापड घासून फाटतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर करकर थांबत नाही.

फळे एकमेकांना बिजागरीने न जोडता लाकडी खुंट्यांनी जोडले, त्यामुळे एकटीलाही ते उचलता येतात. प्लाय आणि लाकडाचे २,९०० रुपये, सुताराची मजुरी २,५०० रुपये. बिजागऱ्या, स्क्रू, वॉशर बोहरी आळीतून घेतले, ते किरकोळ.

१३ नोव्हेंबर : गादी

पहिल्यांदा घेतलेला तीन इंची स्वस्त फोम परत करावा लागला. तेवीस डेन्सिटीचा फोम दुकानात मऊ लागतो, पण कुशीवर झोपलं की खांदा आणि कंबर थेट प्लायला टेकते. चाळीस डेन्सिटीचा तीन इंची फोम घेतला. तीन तुकडे, प्रत्येकी फळ्याच्या मापाचा, सुती खोळीत. वजन सहा किलोच्या आसपास. ५,४०० रुपये लागले आणि या सगळ्या खर्चात ते सर्वात सत्कारणी लागले. रात्री झोप झाली नाही तर सकाळी घाट चालवणं धोक्याचं असतं.

चार इंची फोम आणखी सुखाचा, पण छत जवळ येतं. आमच्या गाडीत तीन इंचांवर कोपर टेकून उठता येतं, ताठ बसता येत नाही. कपडे बदलणं आडवं राहूनच.

२० नोव्हेंबर : वीज

रात्रीचा हिशेब असा. दिव्याची पट्टी ५ वॅट, चार तास, म्हणजे २० वॅट-तास. छोटा पंखा ४ वॅट, नऊ तास, म्हणजे ३६. दोन फोनना ३०. भावाचा लॅपटॉप आणि कॅमेऱ्याला ५०. बेरीज १३६ वॅट-तास. १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर हे साडेदहा-अकरा एएच (अँपिअर-तास) होतात, गळती धरून बारा. ५० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, वजन सहा किलोच्या जवळपास, १४,५०० रुपये. तेवढ्याच क्षमतेची लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त पडते, पण निम्म्यापेक्षा खाली वारंवार उतरवली की लवकर खराब होते आणि वजन अडीचपट.

फ्रिज का नाही, हे इथे स्पष्ट होतं. कॉम्प्रेसरचा लहान फ्रिजही दिवसाला या सगळ्याच्या दुपटी-तिपटीने वीज घेतो. मग बॅटरी मोठी, चार्जर मोठा, वायर जाड, असं सगळंच वाढत जातं. दूध गावात ताजं मिळतं.

चार्जिंगचं काम तीन आठवड्यांतलं सगळ्यात किचकट ठरलं. गाडीच्या मूळ वायरिंगला हात न लावता १२ व्होल्टच्या सॉकेटमधून चार्ज करायचं होतं. साधी रिले (व्होल्टेज पाहून आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावून दोन बॅटऱ्या जोडण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत चालत नाही. इंधन वाचवण्यासाठी गाडीचा संगणक अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज खाली आणतो, १२.४ ते १२.८ पर्यंत, आणि रिलेला चालू व्हायला १३.३ च्या आसपास लागतात. त्यामुळे ती महामार्गावर तासन्‌तास बंदच राहते. व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर घ्यावा लागतो. सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा असला तरी सॉकेटवर १२० वॅटची मर्यादा छापलेली असते. म्हणून ५ अँपिअर देणारा चार्जर, ४,२०० रुपये.

तोही चालू-बंद होत राहिला. कारण वायर. पुढच्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर वायर होती, दीड चौरस मिमीची. साडेसहा अँपिअर वाहिले की एवढ्या लांबीत जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. गाडीचा व्होल्टेज आधीच १२.४, चार्जरची खालची मर्यादा १२. लोड आला की चार्जर बंद, लोड गेला की पुन्हा चालू. तपकीर गल्लीतून चार चौरस मिमीची तांब्याची वायर आणली, तेव्हा पड पाव व्होल्टाच्या आत आली आणि चार्जर स्थिर झाला. वायर घेताना गेज मोजून घ्या. जाड आवरणाखाली बारीक तांबं, किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, अशा वायरी दिसायला सारख्याच असतात. टोक खरवडून पाहा, आतून पांढरं दिसलं तर घेऊ नका.

बॅटरीच्या धन टोकापासून अर्ध्या फुटाच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज लावलाच पाहिजे. तो चार्जरजवळ लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासली गेल्यास काहीच संरक्षण राहत नाही.

या चार्जिंगने अडीच तास गाडी चालवली की रात्रीची वीज भरून निघते. एका जागी दोन मुक्काम करायचे असतील तर दुसऱ्या रात्रीला पुरेल एवढी बॅटरीत शिल्लक राहते.

२८ नोव्हेंबर : पार्किंगमधली चाचणी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्र काढून पाहा. डोंगरात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. इथे चार गोष्टी उघड झाल्या.

एक, रिमोटने गाडी कुलूपबंद करून आत झोपलं आणि मध्यरात्री आतून दार उघडलं की अलार्म वाजतो. कुलूप आतल्या बटणानेच लावायचं.

दोन, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक. ते लागलेलं असेल तर आतून मागची दारं उघडत नाहीत, आणि डिकीचं दार तर बहुतेक गाड्यांत आतून उघडतच नाही. आग लागली तर पुढच्या सीटवर चढून बाहेर पडावं लागेल. चाइल्ड लॉक काढलंय हे रोज रात्री तपासायचं.

तीन, ओल. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी बाहेर टाकतात. काचा बंद असतील तर ते पाणी काचांवर आणि छताच्या कापडावर जमतं. समोरासमोरच्या दोन काचा प्रत्येकी दोन सेंटिमीटर खाली आणि पंख्याचं तोंड बाहेरच्या दिशेने, असं केल्यावर काचा कोरड्या राहिल्या. पंखा आत फिरवत ठेवला तर ओल फक्त इकडची तिकडे होते. थंडी वाजते म्हणून काचा लावून घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा एक पांघरूण जास्त घ्या, कारण ओलं अंथरूण जास्त गार पडतं.

चार, गादीच्या खालची ओल. अंगाची ऊब वरून आणि प्लाय खालून गार, त्यामुळे फोमच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी धरतं. वरून काहीच कळत नाही आणि चार-पाच दिवसांत बुरशी येते. फळ्यांना होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) २५ मिमीची भोकं पाडली, सहा-सहा इंचांवर. आडव्या पट्ट्यांवर भोक येणार नाही असं आधी आखून घ्या. वजनही थोडं उतरलं.

डासांसाठी चुंबकवाली जाळी आणली होती, पण खिडकीच्या आतल्या बाजूला प्लास्टिक असल्याने चुंबक धरत नाही. त्याऐवजी दाराला वरून मोज्यासारखी चढवायची जाळी घेतली. ती दार बंद करतानाही जागेवर राहते, काच वाटेल तेवढी खाली करता येते. दोन दारांच्या ६०० रुपयांत.

झोपताना इंजिन किंवा एसी चालू ठेवायचा नाही, आणि गाडीत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दोन काचा दोन-दोन सेंटिमीटर उघड्या असणं हे यावरचं संरक्षण नव्हे.

५ डिसेंबर : वजन, टायर, ब्रेक

सगळं सामान गाडीत भरून वजनकाट्यावर नेलं. प्लायचे फळे, खोका, गादी, बॅटरी, वीस लिटर पाणी, कपडे, भांडी धरून नव्वद किलोच्या आत. सात माणसांच्या गाडीला हे काहीच नाही, पण प्रश्न एकूण वजनाचा नसून ते कुठे आहे याचा आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत सगळं मागे भरलं तर चढावर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि सुट्या खडीवर ती गरगरतात. म्हणून पाणी आणि बॅटरी पुढच्या सीटमागच्या खोक्यात, कपडे आणि पांघरुणं डिकीत.

पाण्याचा वीस लिटरचा एकच जार रद्द केला. अर्धा रिकामा झाला की वळणांवर तो आतल्या आत हिंदकळतो आणि झाकणातून पाझरतो. दहा-दहा लिटरचे दोन नळवाले कॅन घेतले. नळ सोडताना वरचं झाकण थोडं सैल करा, हवा आत गेल्याशिवाय पाणी येत नाही. बॅटरी आणि कॅन रॅचेट पट्ट्याने सीटच्या लोखंडी कड्यांना बांधले. अचानक ब्रेक लागला तर सहा किलोची सुटी बॅटरी थेट मानेवर येते.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं होतं, बदलून घेतलं. ते हवेतली ओल शोषतं. लांब उतारावर तापून त्यात वाफ धरली की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. टायरची हवा पाहायची ती गाडी गार असताना, पहाटे. स्टेपनीतली हवा दहापैकी नऊ वेळा कमी सापडते, तीही मोजली. १२ व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चर काढायच्या रबरी वाती, सूया, जॅकखाली ठेवायला प्लायचा एक चौकोनी तुकडा. मातीत जॅक रुततो.

११ डिसेंबर : परवाना

भाऊ आला. त्याच्या भारतातल्या परवान्याची मुदत संपून वर्षाहून जास्त झालंय. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं, नंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवाना देणाऱ्या देशातच निघतो, म्हणून तो तिकडूनच काढून आणायला सांगितलं होतं. मूळ परवाना आणि तो, दोन्ही सोबत हवेत. चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

तिकडे रस्त्याची बाजू उजवी, इथे डावी. पहिले दोन दिवस घाटात त्याला चालवायला देणार नाही. सपाटीवर, उजेडात, गर्दी नसताना.

१४ डिसेंबर : पुणे ते नाणेघाट

पहाटे पाचच्या आत भोसरी सोडलं. चाकणची वाहतूक सातनंतर तुंबते आणि तास-दीड तास तिथेच जातो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, तिथून जुन्नर. टाकी नारायणगावला भरली. पुढे पंप लागतात, पण ते चालू असतीलच या भरवशावर राहायचं नाही.

नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. गुहेत नागणिका राणीचा ब्राह्मी लेख, वाटेवर जकातीचा दगडी रांजण. सुट्टीच्या दिवशी दहानंतर इथे गाड्यांची रांग लागते, पहाटे निघाल्याने तीही टळली.

मुक्कामाच्या जागेबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. उसाच्या फडात त्यांची पिल्लं वाढतात आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. उसाला लागून गाडी लावायची नाही. खरकटं बाहेर टाकायचं नाही. रात्री लघवीला जायचं तर एकट्याने नाही, हातात प्रखर टॉर्च, आणि आधी चारी बाजूंनी उजेड फिरवून मगच दार पूर्ण उघडायचं. गावातल्या अंगणात मुक्काम केला, गाडी लावायचे दोनशे रुपये. जेवण दुपारीच फोन करून सांगितलं होतं. ऐन वेळी रात्री आठला भाकरी मागणं त्या घरावर अन्याय आहे.

गाडी सपाट लागली नाही तर झोप होत नाही. फोनमधल्या लेव्हलने पाहिलं, डोक्याकडची बाजू खाली होती. मागच्या चाकांखाली चपटे दगड घालून चढवली, हँडब्रेक आणि पहिला गिअर.

१५ डिसेंबर : ओतूर, कोतूळ, पाचनई

पहाटे चहासाठी ब्युटेनच्या डब्याची शेगडी काढली तर ज्योत मिणमिणती. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतो. दहा अंशांच्या थंडीत डब्यातला दाब मुळातच कमी असतो, आणि गॅस निघू लागला की डबा आणखी गार होतो. डबा रात्री पांघरुणात ठेवा किंवा कोमट पाण्याच्या भांड्यात उभा करा. ज्योतीजवळ धरून तापवू नका, डबा फुटतो.

जुन्नरहून गणेशखिंडीतून बनकर फाटा, तिथून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ. कोतूळच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, सुटी खडी आणि चढ. गाडी अडकली, पुढचं चाक जागच्या जागी फिरत होतं. अशा वेळी शेजारच्याला उतरवून ढकलायला लावतात. पुढच्या चाकांच्या गाडीत त्याला बसूनच राहू द्या, ते वजन नेमकं जिथे हवं तिथे आहे. पुढच्या दोन्ही टायरांतली हवा २६ पीएसआयपर्यंत उतरवली, पंधरा फूट मागे येऊन पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरची दाब-सोड न करता एका लयीत नेली, निघाली. वर पोहोचल्यावर पंपाने पुन्हा ३३. कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने जाऊ नका, टायर तापतो आणि कड फाटते.

त्याच रस्त्यावर डाव्या पुढच्या चाकातून पत्रा फाटल्यासारखा आवाज सुरू झाला. भाऊ म्हणाला, "ताई, बेअरिंग गेलं वाटतं." बेअरिंग असं एका क्षणात ओरडत नाही, त्याची घरघर वेगाबरोबर हळूहळू वाढते. खडीचा तुकडा ब्रेकची चकती आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात अडकला होता. गाडी दहा-पंधरा फूट मागे घेतली की बहुतेक वेळा तो पडतो. पडला नाही तर चाक काढून स्क्रूड्रायव्हरने पत्रा किंचित मागे वाकवायचा, खडा पडला की परत जागेवर. आम्हाला चाक काढावं लागलं, पाऊण तास गेला. चकती गरम असते, हातमोजे घाला.

१६ डिसेंबर : हरिश्चंद्रगड

गाडी पाचनईत, गड पायी. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी, रमतगमत अडीच-तीन तास. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी या दिवसांतही हाडं गोठवतं. कोकणकड्यावर वारा असेल तर कडेपासून दूर, पालथं पडूनच डोकवायचं.

खाली येईपर्यंत गाडी दिवसभर उन्हात होती. गाद्या बाहेर काढून खालची बाजू उन्हाला लावली. हे रोज करायला हवं, भोकं पाडलेल्या फळ्यांनीही काम पूर्ण होत नाही.

१७ डिसेंबर : शेंडी आणि जलाशयाची फेरी

पाचनई ते राजूर भावाने चालवली. वायपर आणि इंडिकेटरच्या दांड्या उलट्या बाजूंना असल्याने सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून रिकाम्या रस्त्यावर सुरुवात केली ते बरं झालं.

शेंडी हे भंडारदऱ्याचं गाव. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. जलाशयाभोवतीचा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा फिरून परत शेंडीला येतो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. मुक्काम कुठे करणार ते तिथेच सांगून घ्या. उघड्यावर शेकोटी पेटवायची नाही. या महिन्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते.

घाटघर-साम्रद पट्ट्यात फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरी कधी फोन करू ते सांगून ठेवा.

भातकापणी उरकलेली, गावोगाव खळी चालू होती. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या पेंढ्यावरून गाडी नेणं टाळा. वाळका पेंढा गाडीखाली गुंडाळला जातो, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतो आणि पेट घेतो. बाजूने जागा नसेल तर थांबा, माणसं आपणहून पेंढा सरकवून देतात. पुढे गेल्यावर उतरून गाडीखाली वाकून पाहा. आमच्या गाडीखाली मूठभर निघाला. आणि गाडी रात्री खळ्याजवळ लावू नका. धान्यावर उंदीर येतात आणि गरम इंजिनाच्या उबेला वर चढून वायरी कुरतडतात.

१८ डिसेंबर : रतनवाडी, साम्रद

रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर, मागे रतनगड. मंदिरावरच्या कोरीव कामासाठी सकाळचं तिरपं ऊन हवं, दुपारी गेलं तर निम्मं दिसत नाही. सांदण दरीत भावाला स्थानिक वाटाड्याबरोबर पाठवलं. दरीच्या तळाशी पाणी असतं, बूट ओले होतात, म्हणून दुसरा जोड गाडीत हवाच. ओले बूट रात्री गाडीत घेऊ नका, सगळी ओल पुन्हा आत येते. गाडीखाली उलटे ठेवायचे आणि सकाळी घालण्याआधी झटकायचे, विंचू शिरतो.

दुसरा मुक्काम एकाच जागी असल्याने बॅटरी आज चार्ज झाली नव्हती. रात्री अकराला मोजली तर अठ्ठावीस एएच शिल्लक. हिशेब बरोबर बसला.

१९ डिसेंबर : परत

रतनवाडी, शेंडी, राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा, बोटा, आळेफाटा, पुणे. कोतूळ बाजूचा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वळणाआधी एकदा ठाम दाबून सोडायचा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणारी थांबू शकते, चढणारी थांबली की पुन्हा निघताना क्लच जळतो. जळका वास आला की थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली चकती वाकडी होते.

२३ डिसेंबर : आवराआवर

शेगडी, तवा, मसाल्याचे डबे, घडीचं टेबल पुढच्या वेळी नेणार नाही. चहाच्या पाण्यापलीकडे शेगडी लागली नाही. भावाच्या मूळ यादीतलं सिंक आणि संडास दोघांनाही कुठेच आठवले नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी वाढवायच्या आहेत. एक, आतून काचांना लावायला चकचकीत बबल शीटचे कापलेले पडदे. पुढच्या काचेतून रात्री थंडी येते आणि सकाळी ऊन थेट डोळ्यांवर. दुसरं, मागच्या दारावर पावसाळी पन्हाळी, म्हणजे भुरभुर असतानाही काच उघडी ठेवता येईल. मुसळधार पावसात मात्र या बाजूला गाडीत मुक्काम करायचाच नाही, माळशेज आणि कोतूळ दोन्हीकडे दरडी येतात.

फळे उन्हात दोन दिवस वाळवून, भोकांच्या कडांना वॉर्निश मारून गॅलरीत उभे केले. कापलेल्या कडेतूनच प्लाय पाणी पितो, पृष्ठभागातून नाही. ब्रेकच्या मागचा पत्रा गॅरेजमध्ये नीट बसवून घेतला. बॅटरी पूर्ण भरून ठेवली नाही, निम्म्याच्या जरा वर आणून, वायर सोडून, घरात सावलीत ठेवली. तीन महिन्यांनी एकदा मोजायची.